फ्लायव्हीलचा उतरता भार

वेगवान मोटारींच्या इतिहासात ज्या एका भागाची प्रतिष्ठा पूर्णपणे उलटी झाली तो भाग म्हणजे फ्लायव्हील, अर्थात इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेले जड आणि गोल चाक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चाक जितके जड तितके इंजिन भरवशाचे असे मानले जाई. विसाव्या शतकात मात्र शर्यतीच्या गाड्या सिद्ध करणारे कारागीर याच चाकाचे बीड लेथवर उतरवू लागले, आणि तसे केल्याने इंजिनाची शक्ती वाढते असेही पुढे छातीठोकपणे सांगितले जाऊ लागले. भार उतरवल्याने गाडी अधिक चपळ होते यात शंका नाही. शक्ती वाढते या समजुतीचा इतिहास मात्र वेगळा आहे, आणि त्याचा संबंध इंजिनापेक्षा शक्ती मोजण्याच्या साधनांशी अधिक आहे.

फ्लायव्हीलमागचे तत्त्व मोटारीहून फार जुने आहे. कुंभार काठीने चाकाला गती देतो आणि ती गती ओसरेपर्यंत मडके घडवतो, तेव्हा तो त्या जड चाकात साठवलेली ऊर्जाच थोडी थोडी वापरत असतो. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जेम्स वॅटचे वाफेचे इंजिन केवळ पंप हलवण्याऐवजी गिरण्यांतील यंत्रे फिरवू लागले, तेव्हा दांड्याचा वरखाली होणारा धक्का सलग फिरत्या गतीत बदलण्यासाठी अशाच मोठ्या चाकाचा आधार घेण्यात आला. निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार फटक्यांचे गॅस इंजिन यशस्वी केले आणि या चाकाची गरज आणखी वाढली. या इंजिनात पिस्टन एकदा इंधनमिश्रित हवा आत ओढतो, एकदा ती दाबतो, एकदा स्फोटाने ढकलला जातो आणि एकदा धूर बाहेर घालवतो. म्हणजे शाफ्टच्या दोन फेऱ्यांत काम करणारा फटका एकच असतो आणि उरलेले तीन फटके उसन्या ऊर्जेवर पार पडतात. ती उसनवारी फ्लायव्हील करते. मराठी मुलखात १९४६ पासून पुण्यात तयार होऊ लागलेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिनांच्या पिढीने विहिरींवर ज्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनांचा ठोका ऐकला, त्यांच्या बाजूला फिरणारे बिडाचे जाडजूड चाक हेच काम करीत असे, आणि हँडल मारून इंजिन चालू करताना माणसाचा खरा घाम गळे तो त्या चाकाला गती देण्यातच.

कार्ल बेन्झच्या २९ जानेवारी १८८६ च्या पेटंटातील तीन चाकी गाडीत ९५४ घनसेंटिमीटरचे एक सिलिंडर होते. ते मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेत पाऊण अश्वशक्ती देई, आणि एवढ्याशा इंजिनाला सांभाळणारे फ्लायव्हील गाडीच्या मागच्या बाजूला आडवे, जमिनीला समांतर बसवलेले होते. जोरात फिरणारे जड चाक आपल्या आसाची दिशा बदलू देण्यास विरोध करते, आणि हे चाक उभे बसवले तर वळणावर गाडी हाताळणे अवघड जाईल अशी बेन्झला धास्ती होती, असे या आडव्या रचनेचे कारण दिले जाते. इंजिन चालू करण्यासाठी हेच चाक हाताने ओढून फिरवावे लागे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १८९० च्या दशकात आणखी डोकेबाज तोड काढली. त्याच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे दोन क्रँकशाफ्ट आणि प्रत्येकाचे स्वतंत्र फ्लायव्हील होते, त्यामुळे दोन्ही चाकांचे हिसके परस्परांना मारून टाकत आणि ते इंजिन त्या काळाच्या मानाने आश्चर्यकारकपणे शांत चाले. हेन्री फोर्डच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’मध्ये तर फ्लायव्हीलवर १६ लोहचुंबक बसवून ठिणगीसाठी लागणारी वीज तिथेच निर्माण केलेली होती, आणि तेच चाक तेल उडवून इंजिनाला वंगणही पुरवी. इतकी कामे अंगावर घेतलेल्या भागाचे वजन कमी करावे असे त्या काळी कोणाला सुचण्याचे कारणही नव्हते.

हे चित्र बदलले ते फेऱ्यांमुळे. फिरत्या चाकात साठणारी ऊर्जा त्याच्या फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट आणि वेग दसपट झाला तर ऊर्जा शंभरपट होते. बेन्झचे चाक मिनिटाला ४०० ऐवजी ४,००० फेऱ्यांनी फिरवले असते तर त्यात शंभरपट ऊर्जा साठली असती, किंवा तेवढीच ऊर्जा साठवायला शंभराव्या हिश्शाचे वजन पुरले असते. गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांचे १८८५ चे उभे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांपर्यंत गेले, आणि दहा वर्षांनी फ्रान्समधील द दिओं-बुतोंचे छोटे इंजिन विजेच्या ठिणगीच्या बळावर १,५०० च्याही पुढे पोहोचले. दुसरीकडे सिलिंडरांची संख्या वाढत गेली. चार सिलिंडरांच्या इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन आणि बारा सिलिंडरांच्या इंजिनात सहा स्फोट होतात, त्यामुळे दोन स्फोटांमधली पोकळी भरून काढण्यासाठी लागणारी उसनवारी आपोआप घटते. १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जॉर्ज ब्वायोने ७.६ लिटरची पेजो चालवून १४ लिटरच्या फियाटला हरवले. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट असलेले ते इंजिन मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर सुमारे १४८ अश्वशक्ती देई. त्या शर्यतीनंतर अवाढव्य इंजिनांचा काळ लगेच संपला असे नाही, पण आकारापेक्षा फेऱ्यांवर शक्ती कमावण्याचा मार्ग सर्वांना दिसला, आणि त्या मार्गावर आतल्या भागांचे वजन हाच पहिला अडसर होता.

तो अडसर दूर करण्याच्या प्रयत्नांत डब्ल्यू. ओ. बेंटलीच्या पिस्टनांचे प्रकरण विस्ताराने सांगण्यासारखे आहे. बेंटली आणि त्याचा भाऊ लंडनमध्ये ‘डीएफपी’ या फ्रेंच गाड्यांची विक्री करीत, आणि १९१३ मध्ये फ्रान्सला कारखान्यात गेला असता बेंटलीला तिथल्या टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवलेली, ॲल्युमिनियमची, पिस्टनच्या आकाराची एक शोभेची वस्तू दिसली. बिडाचे पिस्टन वापरण्याची तेव्हा सार्वत्रिक पद्धत होती, आणि ॲल्युमिनियम स्फोटाच्या उष्णतेत टिकणार नाही अशी बहुतेकांची खात्री होती. बेंटलीने ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन करवून घेतले. त्या गाडीने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर आपल्या वर्गातले विक्रम केले आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यतीत तिने सहावा क्रमांक मिळवला. महायुद्ध सुरू झाल्यावर हे गुपित ब्रिटिश नौदलामार्फत विमानांच्या इंजिनांपर्यंत पोहोचले. गंमत अशी की, पिस्टन हलके करणाऱ्या याच माणसाला पुढे ‘बीआर-१’ हे रोटरी इंजिन रचावे लागले, आणि त्या जातीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बांधलेला असून सगळी सिलिंडरे पंख्यासह भोवती फिरतात, म्हणजे अख्खे इंजिनच फ्लायव्हील झालेले असते. असे इंजिन बसवलेले ‘सॉपविथ कॅमल’ हे विमान एका बाजूला झटकन वळे आणि दुसऱ्या बाजूला अनिच्छेने, याचे एक कारण हे फिरते वजनही होते.

पिस्टन स्वतः फिरत नाही, तो वरखाली जातो. तरीही फिरत्या भागांच्या इतिहासात त्याला जागा द्यावी लागते, कारण क्रँकशाफ्टचे वजन बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनचा पल्ला ८६ मिलिमीटर असेल तर ४०० ग्रॅमच्या पिस्टनला वरच्या टोकावर थांबवून माघारी फिरवण्यासाठी सुमारे ७०० किलो वजनाइतका जोर लागतो, आणि कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे प्रत्यक्षात तो याहूनही अधिक असतो. हा जोर रॉड, बेअरिंग आणि शाफ्ट या सर्वांना झेलावा लागतो, आणि त्याचा तोल साधण्यासाठी शाफ्टवर उलट्या बाजूला प्रतिभार ठेवावे लागतात. त्यामुळे पिस्टन हलका झाला की रॉड बारीक करता येतो, रॉड बारीक झाला की प्रतिभार घटतात, आणि तेवढ्याच मजबुतीचा शाफ्ट कमी वजनात बनतो. घडीव क्रँकशाफ्ट, म्हणजे तापवलेले पोलाद साच्यात ओतण्याऐवजी प्रचंड हातोड्यांखाली ठोकून आकारलेला शाफ्ट, याच कारणासाठी ओतीव शाफ्टपेक्षा पसंत केला जातो. पुण्यातील भारत फोर्ज ही १९६१ मध्ये स्थापन झालेली कंपनी जगभरच्या वाहन कारखान्यांना ओळखीची झाली ती अशाच शाफ्टांमुळे.

आता हे वजन गाडीला नेमके कसे अडवते हे पाहिले पाहिजे, कारण या विषयातील बहुतेक गोंधळ इथेच होतो. सरळ धावणाऱ्या वस्तूची गती बदलण्यास तिचे वजन विरोध करते. फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र ते वजन आसापासून किती अंतरावर आहे हेही मोजावे लागते, आणि तेही अंतराच्या वर्गाने. या विरोधाला फिरते जडत्व म्हणता येईल. फ्लायव्हीलच्या काठावरून, केंद्रापासून १३ सेंटिमीटरवरून, काढलेले एक किलो धातू हे केंद्रापासून ५ सेंटिमीटरवरून काढलेल्या एका किलोपेक्षा पावणेसात पट अधिक फरक पाडते. म्हणून जाणता कारागीर लेथवर काठ आधी उतरवतो आणि मधल्या भागाला फारसा हात लावत नाही. दुसरी गोष्ट गिअरची. इंजिनाचे फेरे चाकांच्या फेऱ्यांच्या जितके पट असतात त्या पटीच्या वर्गाने फ्लायव्हीलचे जडत्व गाडीच्या वजनात मिळवले जाते. १० किलो वजनाचे आणि २८ सेंटिमीटर व्यासाचे एकसारख्या जाडीचे फ्लायव्हील घेतले, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकांच्या १४ पट फिरते असे धरले आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर मानली, तर वेग घेण्याच्या दृष्टीने ते १० किलोचे चाक गाडीत ठेवलेल्या सुमारे २१० किलोच्या ओझ्यासारखे वागते. वरच्या गिअरमध्ये हीच पट ३.२ असली तर तेच ओझे जेमतेम ११ किलो उरते. व्यास तोच ठेवून फ्लायव्हीलचे वजन निम्मे केले तर पहिल्या गिअरमध्ये शंभर किलोहून अधिक ओझे उतरल्याचा लाभ होतो आणि शेवटच्या गिअरमध्ये तो साडेपाच किलोवर येतो. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतही साधारण मोटारीसाठी असाच अंदाज शिकवला जातो: गाडीच्या वजनाला १.०४ अधिक एकूण गिअर-गुणोत्तराच्या वर्गाचा ०.००२५ पट, एवढ्या आकड्याने गुणले की वेग घेताना जाणवणारे वजन मिळते. १४ च्या गुणोत्तराला हा आकडा १.५३ येतो, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये निघणारी गाडी स्वतःच्या वजनाच्या दीडपटीने जड असते.

रस्त्यावरच्या चाकांची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांना गिअरची पट लागू होत नाही. पण टायरच्या धावेवरचा एक किलो गाडीबरोबर पुढेही जातो आणि आसाभोवती फिरतोही, म्हणून त्याची किंमत सर्व गिअरमध्ये जवळजवळ दोन किलो पडते, आणि ब्रेक लावतानाही तेवढीच. शिवाय हे वजन स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्यात ते अडथळा आणते. खरे तर चाके हलकी करण्याचा इतिहास या दुसऱ्या कारणाने जितका पुढे गेला तितका वेगवृद्धीच्या कारणाने गेला नाही, आणि पुष्कळशा प्रशंसापर लेखनात हा भेद पुसला जातो.

एत्तोरे बुगाटीची ‘टाइप ३५’ ही गाडी ३ ऑगस्ट १९२४ रोजी ल्यों येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये प्रथम उतरली, तेव्हा इतर शर्यती गाड्यांवर तारांच्या आऱ्यांची चाके होती आणि बुगाटीच्या चाकांना आठ चपटे आरे असलेला ॲल्युमिनियमचा ओतीव सांगाडा होता. या चाकांत ब्रेकचा ड्रम, म्हणजे ज्याच्या आतल्या कडेवर ब्रेकचे पट्टे घासतात ती डबी, वेगळा जोडलेला नसून चाकासह एकाच ओतकामात तयार केलेला होता. त्यामुळे ड्रमचे स्वतंत्र वजन वाचले, घर्षणाची उष्णता चपट्या आऱ्यांतून हवेत जाऊ लागली, आणि चाक काढले की ब्रेकचे पट्टे तपासणीसाठी समोरच उघडे पडू लागले. त्या पहिल्या शर्यतीत टायरांनी बुगाटीला दगा दिला आणि तिच्या गाड्यांना सातव्या व आठव्या क्रमांकांवर समाधान मानावे लागले, तर विजय तारांच्या चाकांवर धावणाऱ्या, कांपारी या चालकाच्या अल्फा रोमिओला मिळाला. पण १९२५ ते १९२९ या पाचही वर्षी सिसिलीच्या डोंगरवाटांवरची ‘तार्गा फ्लोरिओ’ बुगाटीनेच जिंकली. ओतीव चाकांची खरी लाट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आली. अमेरिकेत टेड हॅलिब्रँडने मॅग्नेशियमची चाके बनवली आणि इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर ती सर्रास दिसू लागली. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस गाड्यांवर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आऱ्यांऐवजी लाटांसारख्या वळ्या पडलेली एकसंध मॅग्नेशियमची तबकडी असलेली चाके आली. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश वजनाचे असते, पण ते खाऱ्या हवेत लवकर खाल्ले जाते, ओतताना त्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि लेथवर त्याचा कीस पेट घेऊ शकतो. त्यामुळे ते शर्यतीत शोभले तरी घरच्या गाडीला मानवले नाही. पोर्शेने १९६६ मध्ये ‘९११ एस’साठी जर्मनीतील ओटो फुक्स कारखान्याकडून ॲल्युमिनियमची घडीव चाके करवून घेतली आणि हा पेच व्यवहारापुरता सोडवला. कार्बन धाग्यांच्या चाकांना त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली. २०१५ च्या फोर्ड ‘शेल्बी जीटी ३५० आर’वर ती कारखान्यातूनच बसवून मिळू लागली.

लेथवरचे काम मात्र यापेक्षा पुष्कळ साध्या ठिकाणी, गल्लीबोळांतील वर्कशॉपांत आणि हौशी लोकांच्या गॅरेजांत चालले, आणि त्याचा एक काळा अध्यायही आहे. बीड दाबाला टणक असले तरी ताणाला कमकुवत असते, आणि फिरत्या चाकातला ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मूळ कारखान्याने ५,००० फेऱ्यांसाठी ओतलेले चाक पातळ करून ८,००० फेऱ्यांवर फिरवले की ताण अडीच पटींहून अधिक होतो, आणि असे चाक फुटले तर त्याचे तुकडे क्लचचे घर, गाडीची फरशी आणि चालकाचे पाय यांपैकी कशालाच जुमानत नाहीत. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत, म्हणजे पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर उभ्या जागेवरून सुटण्याच्या स्पर्धांत, यामुळेच क्लचभोवती जाड पोलादी कवच सक्तीचे झाले आणि बिडाऐवजी पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची फ्लायव्हीले पुढे आली. धोका फ्लायव्हीलपुरताच नव्हता: ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स पट्ट्यावर डॉन गार्लिट्सच्या गाडीची गिअर यंत्रणा फुटून त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटला, आणि त्याने पुढच्या वर्षी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी आणून त्या खेळाची रचनाच बदलून टाकली.

याच ड्रॅग शर्यतींत हलकेपणाच्या सिद्धान्ताला सर्वांत ठसठशीत अपवादही सापडला. जड गाडी आणि हाताने बदलायचे गिअर अशा वर्गात काही चालक मुद्दाम जड फ्लायव्हील बसवत, कारण निघण्यापूर्वी क्लच दाबून इंजिन उंच फेऱ्यांवर नेले की त्या चाकात ऊर्जा साठे आणि क्लच सोडताच तो सगळा साठा मागच्या चाकांवर एका दमात उतरे. हलके फ्लायव्हील असते तर त्या क्षणी इंजिनाचे फेरे कोसळून गाडी अडखळली असती. थांब्यापासून निघताना साठा हवा आणि धावताना साठा नको, ही ओढाताण प्रत्येक गाडीत असते. शर्यतीचा प्रकार बदलला की तिचे उत्तर बदलते.

शक्तीचा प्रश्न इथे येतो. फ्लायव्हील इंधन जाळत नाही आणि घर्षण वगळता ऊर्जा गमावतही नाही. ते ती फक्त घेते आणि परत देते. वरच्या उदाहरणातले १० किलोचे चाक पहिल्या गिअरमध्ये दोन सेकंदांत २,००० वरून ६,००० फेऱ्यांवर नेले तर शेवटच्या क्षणी ते इंजिनाकडून सुमारे १३ किलोवॅट, म्हणजे १७ अश्वशक्ती स्वतःसाठी खाते. वरच्या गिअरमध्ये तेवढाच चढ २० सेकंदांत झाला तर ही खाई दोन अश्वशक्तींच्याही आत येते, आणि गाडी एका स्थिर वेगाने धावू लागली की ती शून्य होते. म्हणून हलक्या फ्लायव्हीलने गाडीचा कमाल वेग वाढत नाही. जुन्या मोजणीयंत्रांना हे माहीत होते, किंवा निदान ती फसत नव्हती. गास्पार द प्रोनीने १८२१ च्या सुमारास शाफ्टभोवती लाकडी चाप आवळून आणि त्याच्या दांड्याला वजने टांगून शक्ती मोजण्याची रीत काढली, विल्यम फ्रूडने १८७७ मध्ये पाण्याच्या रोधावर चालणारे मोजणीयंत्र बनवले, आणि या दोन्ही पद्धतींत इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर स्थिर धरले जात असल्यामुळे फ्लायव्हील दोन किलोचे आहे की वीस किलोचे याने आकडा बदलत नसे.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील मोंटाना राज्यात ‘डायनोजेट’ या कंपनीने आधी मोटारसायकलींसाठी आणि मग मोटारींसाठी आणलेल्या यंत्राने ही स्थिती बदलली. यात गाडीची चाके जमिनीत बसवलेल्या एका जड पोलादी ड्रमवर ठेवून पूर्ण दाबाने पळवली जातात. ड्रमचे जडत्व माहीत असते, तो किती लवकर वेग घेतो हे संगणक मोजतो, आणि त्यावरून चाकांपर्यंत पोहोचलेली शक्ती काढतो. यंत्र स्वस्त, सोपे आणि प्रत्येक ट्यूनिंग दुकानाच्या आवाक्यातले असल्याने ते फार पसरले. परंतु मोजणी वेग वाढत असतानाच होत असल्यामुळे इंजिनाने स्वतःच्या फ्लायव्हीलसाठी खर्च केलेली ऊर्जा त्या आकड्यात दिसत नाही, आणि फ्लायव्हील हलके केले की ती पूर्वी न दिसलेली ऊर्जा एकदम वाढीव शक्ती म्हणून कागदावर उमटते. चौथ्या गिअरमध्ये दहा सेकंदांची धाव घेतली तर वरच्या उदाहरणात निम्म्या वजनाने हा फरक पावणेदोन अश्वशक्तींच्या आसपास येईल. पहिल्या गिअरमध्ये मोजले तर तो कितीतरी फुगेल. विक्रेत्यांनी हा कागद ग्राहकांपुढे धरला यात त्यांना खोटे म्हणता येणार नाही, कारण आकडा यंत्राने दिलेला होता. मात्र तो शक्तीचा नव्हता, मोकळ्या झालेल्या शक्तीचा होता, आणि जाहिरातीत हा बारकावा टिकणे अवघड असते.

कारखान्यांनी याच काळात दोन परस्परविरोधी वाटा धरल्या. जर्मनीतील लुक कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दुहेरी फ्लायव्हील प्रचारात आणले, ज्यात एका चाकाऐवजी स्प्रिंगांनी जोडलेली दोन चाके असतात आणि इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोहोचण्याआधीच मध्येच जिरतात. ते जड असते, पण रोजच्या गाडीत गिअरची खडखड थांबवते. पोर्शेने साध्या ‘९११’ गाड्यांना हे चाक दिले, तर १९९० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या हलक्या ‘कॅरेरा आरएस’ला एकेरी फ्लायव्हील बसवले, आणि २०१६ च्या ‘९११ आर’मध्ये पाच किलोने हलके एकेरी फ्लायव्हील ऐच्छिक म्हणून दिले. अशी गाडी सिग्नलला उभी असताना न्यूट्रलमध्ये खुळखुळते आणि अननुभवी चालकाच्या हाती चढावर हमखास बंद पडते. त्याच्या मोबदल्यात गिअर खाली टाकताना ॲक्सिलरेटरला पाय लागताच तिचे फेरे उडी मारतात. १९९० च्या होंडा ‘एनएसएक्स’मध्ये टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आले, आणि गॉर्डन मरे याने आखलेल्या ‘मॅकलारेन एफ-१’मध्ये बीएमडब्ल्यूच्या ६.१ लिटर व्ही-१२ इंजिनाला इंजिनाचा जोर पोचवण्यापुरतेच धातू शिल्लक ठेवलेले ॲल्युमिनियमचे फ्लायव्हील आणि कार्बनचा क्लच देण्यात आला. बारा सिलिंडरांचे इंजिन स्वभावतःच समतोल असल्यामुळे हे जमले. चार सिलिंडरांना ते झेपले नसते. लेक्ससच्या ‘एलएफए’चे व्ही-१० इंजिन रिकाम्या चालीपासून ९,००० फेऱ्यांपर्यंत ०.६ सेकंदांत चढे, म्हणून सुईच्या काट्याचा फेरेमापक त्याला पुरा पडत नाही असे सांगून कंपनीने पडद्यावरचा फेरेमापक बसवला. मरेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ‘टी.५०’चे कॉसवर्थ इंजिन १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि त्याच्या फेऱ्यांचा चढ सेकंदाला २८,००० या दराने सांगितला जातो. इतक्या टोकाला गेल्यावर हा लाभ चालकाच्या कानाला आणि पायाला जितका जाणवतो तितका घड्याळावर दिसतो का, ही शंका रास्त आहे.

इंजिनाच्या टोकावरून फ्लायव्हील असे झिजत असताना साठवण करणारे यंत्र म्हणून ते दुसऱ्याच जागी परत आले. स्वित्झर्लंडच्या इव्हेर्दों गावात १९५३ पासून काही वर्षे दीड टनाच्या आणि मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चाकावर बस धावत होती. थांब्यावर विजेने त्या चाकाला गती द्यायची आणि पुढच्या थांब्यापर्यंत तीच खर्चायची, अशी तिची रीत होती. ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने वाढते हा जुना नियम विल्यम्स या ब्रिटिश शर्यती संघाच्या अभियंत्यांनी अधिक कसाने वापरला. त्यांचे कार्बन धाग्यांचे हलके चाक मिनिटाला ४०,००० च्या आसपास फिरे आणि ब्रेक लावताना मिळालेली ऊर्जा साठवून वळणातून बाहेर पडताना परत देई. पोर्शेच्या ‘९११ जीटी ३ आर हायब्रिड’मध्ये ते चालकाच्या शेजारी, जिथे एरवी दुसरे आसन असते तिथे बसवले होते, आणि मे २०१० च्या न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत ती गाडी सर्वांच्या पुढे असताना शेवटच्या दोन तासांत बाद झाली, बंद पडले ते फ्लायव्हील नव्हे, इंजिन. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, याच तत्त्वावरच्या ऑडी ‘आर १८ ई-ट्रॉन क्वाट्रो’ने फ्रान्समधील ला मांची शर्यत जिंकली आणि तिथे विजय मिळवणारी ती पहिली हायब्रिड गाडी ठरली. २०१६ च्या ‘आर १८’मध्ये ऑडीने ते चाक काढून त्या जागी लिथियम-आयन बॅटरी बसवली.